इंजिनाखालचा ट्रे

आमच्या मिस्तरींना एक ट्रे पसंत करायला साडेतीन महिने लागले आणि तरीही तो पसंत झाला नाही. ट्रे काही चांदीचा नव्हता. मोटारसायकलच्या इंजिनाखाली बांधायचा, दोन वीत लांब आणि चार बोटं खोल. शर्यतीत इंजिन फुटलं तर आतलं सगळं तेल रस्त्यावर न सांडता त्या ट्रेत पडावं, एवढंच त्याचं काम. तेवढ्यासाठी माझ्या घरातली एक परात, एक कढई, केक भाजायचं भांडं आणि तांदळाच्या डब्याचं झाकण गॅरेजात गेलं ते परत आलं नाही.

मिस्तरी म्हणजे माझे यजमान, राजानंद. वाटूर फाट्यावर त्यांचं दुचाकीचं गॅरेज आहे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीला विज्ञान शिकवते, त्यामुळे गावात मला मॅडम म्हणतात आणि ह्यांना मॅडमचे मिस्तरी. त्याचं त्यांना काही वाटत नाही. त्यांना वाईट वाटतं ते फक्त एखादी गाडी दुरुस्त होऊन गेली आणि आठ दिवसांत परत आली तर.

माणूस मूळचा कुंभार पिंपळगावचा. माझे सासरे पुंजाराम दुसऱ्याच्या मळ्यात विहिरीवरचं डिझेल इंजिन चालवायचे. हे आठ वर्षांचे असताना बांधावर पालथे पडून इंजिनाचा आवाज ऐकायचे आणि आता पाणी कमी झालं, आता पट्टा ढिला झाला, असं बापाला ओरडून सांगायचे. बाप जाऊन बघायचा तर खरंच तसं असायचं. तो कान अजून शाबूत आहे. बिघडलेली गोष्ट त्यांना शंभर फुटांवरून कळते. पण चांगली गोष्ट समोर ठेवली की त्यांचं डोकं चालेनासं होतं. ही चांगली आहे असं एकदाचं म्हणून टाकायला त्यांची जीभच वळत नाही. मला बघायला हा माणूस तीनदा आला होता. तिसऱ्या वेळी माझ्या आईनं पोहे केलेच नाहीत, नुसता चहा दिला.

आमची मुलगी पायल जालन्याला वसतिगृहात राहून डिप्लोमा करते. दहावीत असल्यापासून ती गॅरेजातल्या गाड्यांची चाचणी घ्यायची. मंठा रस्त्यावर सरळ जायचं, वळून यायचं आणि बापाला सांगायचं की दुसऱ्या गिअरला दम खातेय. त्यातून हे शर्यतीचं खूळ निघालं. ड्रॅग रेस म्हणतात तिला. वळणं नाहीत, काही नाही. दोन गाड्या शेजारी उभ्या करायच्या, दिवा हिरवा झाला की सरळ सुटायचं. पंधरा सेकंदांच्या आत खेळ खलास. त्या पंधरा सेकंदांसाठी बापलेकींनी एक जुनी चारशे ठिकाणी सांधलेली गाडी वर्षभर उघडली आणि मिटली.

गेल्या वर्षी पहिल्यांदा गेले तेव्हा आमच्या गाडीचं इंजिन शर्यतीच्या पट्टीच्या मधोमध खालून तडकलं. पायलला काही झालं नाही. पण तेल सांडलं, ते पुसलं, त्यावर भुकटी टाकली, दीड तास सगळे खोळंबले, आणि तरी कुठंतरी ओशट राहिलंच. पुढच्या जोडीतला बीडकडचा एक पोरगा तिथं घसरला. कोपराचं हाड मोडलं. मिस्तरी दवाखान्यात त्याच्या आईच्या पुढ्यात दोन तास बसून आले. तिथं काय बोलणं झालं ते त्यांनी मला आजपर्यंत सांगितलेलं नाही. यंदाची शर्यत जाहीर झाली तेव्हा आयोजकांनी एवढंच बजावलं की यायचं तर इंजिनाखाली ट्रे पाहिजे, इंजिनातलं सगळं तेल मावेल असा, आणि त्यात तेल शोषणारं, न जळणारं अस्तर.

झालं. त्या दिवसापासून आमच्या घरात दुसरा विषय नाही.

आधी पुण्याहून फायबरचा तयार ट्रे मागवला. दिसायला देखणा. ह्यांनी त्याच्यावर गिट्टीचा एक खडा मारला, त्याला केसाएवढी चीर गेली. परत. मग पायलनं मोबाईलवर कापडी प्रकार शोधला. आग न धरणाऱ्या जाड कापडाची झोळी, इंजिनाला खालून गुंडाळायची आणि पट्ट्यांनी आवळायची. ती आली, बांधली, आणि हे तिच्यापुढे उकिडवे बसून राहिले.

"आता काय झालं?" मी विचारलं.

"तेल गळून राह्यलं का न्हाई, ते दिसत न्हाई हिच्यात. सगळं पोटात ठेवती. आन ही पट्टी बघ, सायलेन्सरच्या किती जवळ आलीय."

दुसऱ्या दिवशी गाडी दहा मिनिटं चालवली तर पट्टी खरंच करपली. मग जालन्याच्या एका कारखान्यातून अॅल्युमिनियमचा ट्रे करून आणला. ह्यांनी माझ्या गॅसवर जुनं इंजिन ऑईल तापवलं आणि त्यात ओतलं. घरभर तो वास. जोडावर बारीकसा पाझर दिसला. नापास.

माणूस निष्कारण खोड काढत असता तर मी एक दिवस कडाकडा भांडून मोकळी झाले असते. वैताग याचा, की त्यांचं कारण दरवेळी बरोबर निघायचं. वर गॅरेजात रोज जमणारं पारावरचं मंडळ. कुणी म्हणायचं ट्रॅक्टरचं तेलाचं चेंबर कापा, कुणी म्हणायचं पाण्याचा जार उभा चिरा. बद्रीनाथ म्हणून एक गिऱ्हाईक आहे, त्याची स्वतःची गाडी चार दिवस खोलून पडली होती, तरी तो रोज येऊन ट्रेवर मत देऊन जायचा. हे सगळ्यांचं ऐकून घ्यायचे. वहीत लिहायचे. रात्री जेवताना वही ताटाशेजारी. मी भाजी वाढायची आणि ह्यांनी भाजीच्या वाटीची खोली बोटानं मोजायची.

शर्यतीला दोन आठवडे राहिले. शनिवारी पायलचा फोन आला.

"मम्मी, फॉर्मवर ट्रेचा फोटो लावायचाय. सोमवारपर्यंत. न्हाई लावला तर नाव कटतंय. पप्पाचं झालं का?"

"होतंय," मी म्हटलं.

"यंदा पोरींमध्ये पहिली येईल तिला पुण्याची टीम वर्षभर घेणार आहे. त्यांची गाडी, त्यांचं सगळं. मम्मी, मी पप्पाला काही म्हणत न्हाई, पण तू बघ ना जरा."

मी बघितलं. रविवारी सकाळी मिस्तरींनी कापून ठेवलेला पुठ्ठ्याचा नमुना मी पिशवीत घातला आणि बसनं मंठ्याला गेले. तिथं भागवत कूलरवाला आहे. आमच्या घरातले दोन्ही कूलर त्याच्याच हातचे, नऊ उन्हाळे झाले, खालच्या टाकीतून एक थेंब गळत नाही. त्यानं नमुना उलटसुलट केला आणि म्हणाला, "ताई, हे तर माझ्या डाव्या हाताचं काम. बसा तुम्ही, चहा घ्या." दोन तासांत पत्रा कापला, वाकवला, जोड मारले. मग त्यानं डब्यातलं डांबर पातळ करून आतून सगळ्या जोडांवर ब्रशनं फिरवलं. कूलरच्या टाकीला आमच्याकडं सगळेच फिरवतात. डांबर न लावता पत्र्याची वस्तू दुकानाबाहेर पडू देणं भागवतला कमीपणाचं वाटतं.

"अजून एक हात द्या की," मी म्हटलं. होय, मीच म्हटलं.

त्यानं दुसरा हात दिला आणि वाळल्यावर वरून चंदेरी रंग मारला. ट्रे असा चमकायला लागला की मी बसमध्ये तो मांडीवर घेऊन बसले.

घरी आल्यावर मिस्तरींनी तो चारही बाजूंनी बघितला. गाडीखाली धरला. अगदी बरोबर बसला. मग नाकाशी नेला.

"वास कशाचा आहे गं?"

"रंगाचा असेल. नवा आहे."

"थोडं ऑईल तापवतो. पाचच मिनिटं लागत्यात."

मी दिवसभर बसमध्ये हिंदकळून आले होते, शाळेच्या नव्वद उत्तरपत्रिका तपासायच्या राहिल्या होत्या, आणि माझ्या स्वयंपाकघराला साडेतीन महिने गॅरेजाचा वास येत होता.

"राजानंद, पुरे!" मी ओरडले. लग्नानंतर मी त्यांना नावानं हाक मारली ती तेवढीच. "माझ्या गॅसला हात लावायचा नाही. पोरीचं नाव कटायची पाळी आली आणि तुमची परीक्षा संपत नाही. पाणी भरून ठेवा त्यात, सकाळी बघा, आणि मिटवा एकदाचं!"

त्यांनी ट्रे काठोकाठ भरून ओसरीत वर्तमानपत्रावर ठेवला. सकाळी कागद कोरडा ठणठणीत. आमच्या भागात भांडं धड की फुटकं हे पाण्यावरच ठरतं. जे पाणी धरतं त्याच्यावर दुसरा संशय घ्यायची कुणाची पद्धत नाही. फोटो काढला, पायलला पाठवला. मला इतकं हलकं वाटलं की त्या दिवशी मी शाळेत कुणालाच रागावले नाही.

शर्यत नगरच्या पलीकडं एका रिकाम्या धावपट्टीवर होती. आम्ही आदल्या दिवशी पिकअपमध्ये गाडी घालून निघालो. पायल परस्पर आली. सकाळी तपासणी झाली. तपासणाऱ्या माणसानं बाटलीनं मापून ट्रेमध्ये पाणी ओतलं, वाकून खाली हात फिरवला, पाणी काढून टाकलं आणि गाडीवर हिरवी चिठ्ठी चिकटवली. "छान केलाय," म्हणाला. मी मिस्तरींकडं असं बघितलं की त्यांना समजायचं ते समजलं. त्यांनी ट्रे पुसला, अस्तर घातलं, बोल्ट आवळले.

पहिल्या फेरीत पायल जिंकली. दुसऱ्या फेरीतही जिंकली, आणि तेव्हा तिचा वेळ सगळ्या पोरींमध्ये कमी होता. मला त्या खेळातलं फारसं कळत नाही, पण स्पीकरवर तिचं नाव आणि जिल्हा जालना असं पुकारलं तेव्हा मी बाजूच्या अनोळखी बाईचा दंड धरला. आता शेवटची जोडी राहिली होती. पायल आणि सातारकडची एक मुलगी. अर्धा तास वेळ होता. पुण्याच्या टीमची दोन माणसं येऊन पायलशी बोलूनही गेली.

मिस्तरी गाडीजवळ खाली बसले होते. मी पाण्याची बाटली द्यायला गेले तर त्यांनी हातानंच मला थांबवलं. गाडीखालच्या सिमेंटवर एक काळा ठिपका होता. रुपयाएवढा. मी बघत असतानाच ट्रेच्या कोपऱ्यातून दुसरा थेंब लोंबला आणि पडला.

त्यांनी बोट लावलं. दोन बोटांत चोळलं. बोटं चिकटली. वास घेतला.

"डांबर हाय हे," ते हळू आवाजात म्हणाले.

इंजिनाच्या नळीतून थोडंफार तेल उडतंच, ते ट्रेत साठलं होतं. शेजारून सायलेन्सर त्याला तापवत होता. गरम तेलात डांबर विरघळतं. हे मला कुणी शिकवायची गरज नाही; कशात काय विरघळतं हा धडा मी दरवर्षी फळ्यावर तक्ता काढून शिकवते. मिस्तरींनाही शिकवायची गरज नाही, तीस वर्षं ते गाड्यांना लागलेलं रस्त्याचं डांबर डिझेलच्या फडक्यानं पुसत आलेत. फक्त त्यांना ट्रेत डांबर आहे हे ठाऊक नव्हतं. ते मला ठाऊक होतं. मीच दुसरा हात द्यायला लावला होता. आणि पाच मिनिटांचं गरम तेल त्यांनी मागितलं होतं, तेही मीच देऊ दिलं नव्हतं.

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी वाट बघत होते. साडेतीन महिने मी त्यांना जे जे बोलले त्याची परतफेड करायला याहून चांगली वेळ त्यांना मिळणार नव्हती. ते उठले, फडक्याला हात पुसले आणि पायलकडं गेले. ती हेल्मेट घालत होती.

"उतरव ते," ते म्हणाले. "जायचं न्हाई."

"काय?"

"ट्रे गळून राह्यला. जोड सुटलेत."

"ट्रे गळतो ना? इंजिन तर बराबर आहे? दोन फेऱ्या झाल्या पप्पा, एकच राह्यली. पंधरा सेकंद!"

"इंजिन आता बराबर हाय. मागच्या साली बी निघताना बराबरच होतं."

"दुसरं काहीतरी लावा ना खाली! जल्दी करा, वेळ आहे अजून!"

त्यांनी पाच-सहा गाड्यांकडं जाऊन विचारलं. कुणाचा ट्रे आमच्या गाडीला बसेना. मग त्यांनी काय केलं, तर गाडीवरची हिरवी चिठ्ठी नखानं खरवडून काढली आणि तपासणाऱ्या माणसाच्या टेबलावर नेऊन ठेवली. तो बिचारा त्यांच्याकडं बघतच राहिला. त्याला तर काही दिसलंही नव्हतं.

पायल तिथंच उभी होती. डोळे भरले होते, पण आवाज कोरडा होता.

"कुणी आणला हा ट्रे?"

मी तोंड उघडलं.

"मी आणला," मिस्तरी म्हणाले. "मंठ्याहून. चुकलं माझं. तपासायला पाहिजे होता, न्हाई तपासला."

आणि मी तोंड मिटलं. हे मला लिहायलाच पाहिजे. चोवीस वर्षं ज्या माणसाला मी चहाच्या कपाचा कान कुठल्या बाजूला ठेवला यावरून बोलत आले, त्यानं माझी चूक माझ्यादेखत उचलून स्वतःच्या डोक्यावर घेतली, आणि मला ते बरं वाटलं. लाज नंतर वाटली. आधी बरं वाटलं.

सातारची मुलगी एकटीच पट्टीवरून गेली. टाळ्या झाल्या. पुण्याची माणसं तिच्याकडं गेली. आम्ही गाडी पिकअपमध्ये चढवली.

परतताना मिस्तरी गाडी चालवत होते, मधे मी, खिडकीशी पायल. ती एक शब्द बोलली नाही. तिची बॅग तिनं आपल्या नि माझ्या मधे ठेवली होती. एका ढाब्यावर चहाला थांबलो. मी विचारलं, "बिस्कीट घेतेस?" तिनं उत्तर दिलं नाही. पुडा उचलला आणि बापाच्या हातात दिला. मला वाटलं, रागात असली तरी वळण सोडत नाही पोरगी. मिस्तरींनी एक बिस्कीट चहात बुडवलं, ते तुटून आत पडलं, ते त्याच्याकडं बघत राहिले.

माझ्या मनात पुन्हा पुन्हा येत होतं की ही आता बापाशी किती दिवस बोलणार नाही. आठ दिवस? परीक्षेपर्यंत? हा माणूस जेवताना तिच्या फोनची वाट बघणार, मला विचारणार, आला होता का गं, आणि मी काय सांगणार? अंबड मागं पडलं. घराच्या अलीकडं अर्ध्या तासावर मला ते असह्य झालं.

"पायल," मी म्हटलं, "ट्रे पप्पांनी नाही आणला. मी आणला. आत डांबर लावलंय हे मला माहीत होतं, मी त्यांना सांगितलं नाही. आणि ते गरम तेल ओतून बघतो म्हणत होते, तर मी ओरडले त्यांच्यावर. माझ्यामुळं झालं हे सगळं. तू त्यांच्याशी अबोला धरू नकोस."

"तसं न्हाई काही," मिस्तरी घाईघाईनं म्हणाले. त्यांना खोटं बोलायला कधीच जमलेलं नाही. "मीच म्हणल्तो तिला, जा घेऊन ये, म्हणून…"

"पप्पा, तुम्ही रस्त्याकडं बघा," पायल म्हणाली.

मग माझ्याकडं वळून बसली. ट्रे गळाल्यापासून पहिल्यांदाच ती माझ्या डोळ्यांत बघत होती.

"मला तिथंच कळल्तं मम्मी. पप्पानं न तपासता ट्रे लावला म्हणं! तो ट्रे त्यांनी आणला असता तर आपुन अजून वाटूरलाच बसलो असतो. आन मी पप्पाशी कशाला अबोला धरू? मी तुझ्याशी बोलून न्हाई राह्यले. तू कधी सांगतीस, ते बघत बसल्ते."